खटपट्याचा लॅपटॉप

श्रवणयंत्रांच्या कारखान्यात तिला सगळे भिंगवाली म्हणत. बावीस वर्षं ती एकाच टेबलाशी, एकाच भिंगाला डोळे लावून बसत आली होती. कानात बसणाऱ्या यंत्राच्या पोटात तांदळाच्या कणीएवढे भाग असतात, ते सोल्डरने जोडायचे हे तिचं काम. नव्या मुली आल्या की सुपरवायझर, ज्यांना सगळ्या मोठ्या बाई म्हणत, त्या मुलींना आधी हिच्या मागे उभं करत. म्हणत, "हात बघा. तोंडाकडे बघू नका, तोंडाने ती काही शिकवायची नाही."

खरंच होतं ते. बोलण्याचं खातं घरात नवऱ्याकडे होतं. तो लिफ्टचा मेकॅनिक. गल्लीतली पोरंसोरंसुद्धा त्याला लिफ्टवाले म्हणून हाक मारत. माणूस सरळ, पण नियमाला पक्का. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये नववा चढला तर दार धरून उभा राहायचा आणि नववा उतरेपर्यंत सगळ्यांना मर्यादा म्हणजे काय ते समजावून सांगायचा.

आणि या दोघांचा एकुलता एक मुलगा, खटपट्या. नाव आजोळी पडलं आणि चिकटलं. इस्त्री उघड, रेडिओ उघड, शेजारणीचा मिक्सर उघड. उघडलेल्यातलं निम्मं पुन्हा चालूही व्हायचं. बाविसावं लागलं तेव्हा परीक्षेत दोनदा नापास होऊन तो घरी बसला होता. बाबा समोर असले की खाली मान घालायचा आणि बाबा जिना उतरले की लॅपटॉप उघडायचा.

एका सोमवारी दुपारी साडेतीनला ती कामावरून घरी आली तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो लॅपटॉप उलटा पडलेला, खालचं झाकण काढलेलं. शेजारी वहीच्या पानावर आतल्या बोर्डाचं नीटनेटकं चित्र, एका ठिकाणी बाण आणि खाली लिहिलेलं, "इथे. घाई करायची नाही."

"आई, बस ना पाच मिनिटं," तो म्हणाला. "हे ग्राफिक्स कार्ड. यातली चिप दमदार आहे गं, पण कंपनीने तिला बांधून ठेवलंय. ऐंशी वॅटच्या वर वीज घेऊ देत नाही. आणि वीज किती जाते ते मोजतो कोण? हा बघ, हा एवढासा रेझिस्टर. याच्या डोक्यावर असाच दुसरा जोडला की निम्मी वीज त्या वाटेने जाते. चिपला वाटतं, आपण थोडीच घेतोय. ती मोकळी पळते."

"फसवायचं तिला?"

"थोडंसं." तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "माझा हात थरथरतो. तुझा सरळ आहे. तू करशील?"

तिने भिंग नसतानाही वाकून पाहिलं. काम अवघड नव्हतं. कारखान्यात याच्या निम्म्या आकाराचे भाग ती दिवसाला दीडशे जोडायची. 'आण इकडे' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पण घरात काही उघडायचं, तोडायचं झालं की जे वाक्य तिच्या तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं.

"बाबांना विचार."

बाबा सातला आले. त्याने विचारलं. खरं म्हणजे त्याने नीट सांगितलंच नाही. बाबांपुढे त्याची जीभ अडखळायची. 'कार्ड', 'वेग', 'मर्यादा काढायची' एवढंच बाबांच्या कानावर पडलं, आणि त्यांनी धरलं ते 'मर्यादा'.

"कशासाठी? खेळण्यासाठी?"

"खेळायला नाही, मला एक..."

"कंपनीने मर्यादा घातली ती काय उगाच? तिथे बसलेले वेडे आहेत आणि तू एकटा शहाणा? दोनदा नापास झालास ते अशानेच!"

शब्दाला शब्द वाढत गेला. ती गॅसपाशी पाठ करून उभी होती. शेवटी नवरा म्हणाला, "मर्यादा पाळायची नसेल तर माझ्या घरात राहू नकोस." बोलून तो स्वतःच दचकला, हे तिने पाठमोरी असूनही ओळखलं. पण तोंडातून गेलं ते गेलं. तिनेही ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर खटपट्या निळी बॅग घेऊन निघून गेला. घराची किल्ली टेबलावर ठेवली होती. लॅपटॉपचं झाकण परत लावलेलं होतं, जोडायला आणलेले दोन नवे रेझिस्टर प्लॅस्टिकच्या पट्टीत तसेच. फोन बंद.

पहिल्या दिवशी बाप म्हणाला, "येईल संध्याकाळी. भूक लागली की येईल." रात्री त्याने ताट बाजूला सारलं आणि चपला घालून पोलीस चौकीवर गेला. चौकीवर तक्रार लिहून घेतली, पण लिहिणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'सज्ञान मुलगा, आपणहून गेलाय' हे स्पष्ट दिसत होतं. दुसऱ्या दिवशी खटपट्याचा मित्र आला. दाढीमुळे घरात त्याला दाढीवालाच म्हणायचे. संगणकातलं काहीबाही शिकवायची नोकरी करणारा, शांत मुलगा. कुणाशी काही बोलणं झालंय का, कुठे जायचं ठरवलंय का ते शोधायला तो लॅपटॉप घेऊन गेला. जाता जाता म्हणाला, "काका, रागावू नका, पण तो खेळत नव्हता. एका स्टुडिओने त्याच्याकडून एका मिनिटाची अ‍ॅनिमेशन फिल्म मागितली होती, नमुना म्हणून. आठवड्यात द्यायची होती. हा लॅपटॉप ती तयार करायला तीन आठवडे घेत होता."

त्या दिवसानंतर लिफ्टवाले कुठल्याच गोष्टीवर फारसं बोलले नाहीत. घरातलं बोलण्याचं खातं बंदच पडलं.

ती मात्र हातांना काम देत राहिली. मुलाची खोली आवरली, गादीची घडी घातली, टेबल पुसून लख्ख केलं. चौथ्या दिवशी दुपारी चौकीवरून फोन आला. सरकारी रुग्णालयाच्या शवागारात एक बेवारस तरुण आहे, वय जुळतं, येऊन बघून जा. कारखान्यातून तिला आणि कामावरून नवऱ्याला तसंच जावं लागलं. तिथल्या बाकावर तीन तास बसवलं. मग चादर बाजूला केली. दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा होता. बाहेर आल्यावर पायरीवर बसून ती हमसाहमशी रडली, आणि रडता रडता तिला उमगलं की हे रडणं सुटकेचं आहे. त्याची तिला फार लाज वाटली.

बारा दिवस गेले. चौकीवरचे लोक आता तोंड ओळखून मान हलवायचे. मग दाढीवाल्यानेच वाट काढली. आसपासच्या नऊ दुकानांच्या कॅमेऱ्यांची रेकॉर्डिंग त्याने विनवण्या करून मिळवली. चेहरा ओळखणारा एक प्रोग्राम त्याने बसवला होता. त्याला खटपट्याचे फोटो दाखवायचे आणि रेकॉर्डिंग चारायचं, तो एकेक चेहरा तपासत जायचा. पण त्याला ग्राफिक्स कार्ड लागायचं, आणि दाढीवाल्याच्या कामाच्या संगणकात ते नव्हतं. रेकॉर्डिंग बाहेर कुठे द्यायचं नाही, ही दुकानदारांची अट होती. राहता राहिला खटपट्याचाच लॅपटॉप, तो त्याने परत आणला होता.

"एवढं सगळं बघायला चोवीस दिवस लागतील, काकू," तो म्हणाला. "आणि तेवढे आपल्याकडे नाहीत. बसस्टँडचा साहेब म्हणतो, नेमका दिवस आणि वेळ सांगा, तेवढंच देतो. त्यांचं रेकॉर्डिंग तीस दिवसांनी पुसलं जातं. बारा गेले."

ती उठली, मुलाच्या खणातून ते वहीचं पान आणि रेझिस्टरची पट्टी घेऊन आली आणि टेबलावर ठेवली. नवऱ्याने पानाकडे पाहिलं. अक्षर मुलाचं. बराच वेळ तो त्या बाणाकडे बघत राहिला.

"होईल तुझ्याने?" त्याने विचारलं.

"होईल."

"मग कर."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती लॅपटॉप घेऊन आपल्या टेबलाशी बसली. बाहेरची वस्तू आत आणायला कारखान्यात सक्त मनाई. मोठ्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या, उघड्या लॅपटॉपकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं तसं त्यांनाही ठाऊकच होतं.

"मी चहाला चालले," त्या म्हणाल्या. "गुडघे दुखतात, अर्धा तास तरी लागेल."

भिंगाखाली मुलाने दाखवलेली जागा लगेच सापडली. पण हे तिच्या रोजच्या नाजूक कामासारखं नव्हतं. बोर्डाच्या पोटात तांब्याचा जाड थर, तो उष्णता पिऊन टाकायचा आणि सोल्डर वितळायलाच तयार नाही. तिने बोर्ड खालून तापावा म्हणून गरम पाटीवर ठेवला, थांबली, पुन्हा सोल्डरिंगचं तापलेलं टोक लावलं. 'घाई करायची नाही.' दुसरा रेझिस्टर पहिल्याच्या डोक्यावर अलगद बसवला. त्याचं एक टोक सोल्डरने धरलं. दुसरं धरलं. सोल्डर चकाकलं आणि कडेने गोल बसलं, जसं बसायला हवं तसं. चिपवरचं, उष्णता वाहून नेणारं जुनं मलम वाळलं होतं, ते पुसून तिने नवं लावलं, सगळे स्क्रू आवळले. हात एकदाही हलला नाही. हलला असता तर बरं वाटलं असतं तिला. पंधरा मिनिटं. त्या सोमवारी पोराचं काम अडलं होतं ते एवढ्याच पंधरा मिनिटांसाठी.

लॅपटॉप चालू झाला. संध्याकाळी दाढीवाल्याने आकडे बघितले आणि त्याचे डोळे मोठे झाले. "दीडपटीच्या वर पळतोय, काकू! चोवीसचे पंधरा दिवस होतील."

पण तापत होता असा की झाकणावर हात ठेववेना. आतला पंखा शिट्टी मारल्यासारखा ओरडायचा. तेव्हा लिफ्टवाले उठले. कपाटावरून त्यांनी एक लोखंडी पंखा काढला, लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलमधून बदललेला, जुना पण दणकट. लॅपटॉप दोन विटांवर उचलून पंखा त्याच्या खाली बसवला, वायर जोडली. तापमान बारा अंशांनी उतरलं. त्या दिवसापासून हे त्यांचं काम झालं. सकाळी कामावर जाण्याआधी, आल्यावर, जेवता जेवता उठून, पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघायचा आणि कागदावर लिहायचा. एकदा तर तिला म्हणाले, "अगं, आणखी थोडा वाढवता येईल का वेग? अजून एक बसव की वर."

ती नवऱ्याकडे बघतच राहिली. "जळेल तो," ती म्हणाली.

"हो," ते म्हणाले. "हो, बरोबर. जळेल."

प्रोग्राम एकेक कॅमेरा संपवत गेला. मंगळवारच्या, तो निघाला त्या सकाळच्या रेकॉर्डिंगमध्ये चौकातल्या सायकलवाल्याच्या कॅमेऱ्यात निळी बॅग दिसली, नऊ सेकंदं चालत गेली आणि नाहीशी झाली. त्यानंतर काही नाही. दहा दिवस काहीच नाही. समोरच्या औषधाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात थेट त्यांच्याच इमारतीचं फाटक दिसायचं. ते रेकॉर्डिंग दाढीवाल्याने अगदी शेवटी ठेवलं होतं. मुलगा निघाला तिथूनच, तिथे काय शोधायचं?

सत्ताविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, लॅपटॉपने बारीकसा आवाज केला. तिघंही टेबलाशी आले.

पडद्यावर फाटक होतं. खटपट्या डावीकडून आला, पाठीला निळी बॅग, अंगात तोच सदरा, जरा चुरगळलेला. फाटकाशी थांबला. केसांवरून हात फिरवला आणि आत गेला.

"हे तर निघाल्यानंतरचं आहे," दाढीवाला पुटपुटला. त्याने कोपऱ्यातली तारीख मोठी करून दाखवली. "निघाला मंगळवारी. हा शुक्रवार. दुपारचे तीन पन्नास."

अकरा मिनिटांनी तो बाहेर आला. रस्ता ओलांडून औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसला. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. वर त्यांच्या मजल्याकडे पाहिलं. पुन्हा घड्याळ. चाळीस मिनिटं बसला होता. दाढीवाल्याने ते पुढे पळवायला हात नेला तेव्हा तिने तो धरला. चाळीस मिनिटं तिघं तसेच उभे राहून बघत होते. मग खटपट्या उठला, बॅग पाठीवर टाकली आणि डावीकडे निघून गेला.

"काकू, शुक्रवारी तुम्ही दुपारी..." दाढीवाल्याने विचारलं आणि मध्येच थांबला. त्यालाही आठवलं.

शुक्रवारी दुपारी तीन पन्नासला ती सरकारी रुग्णालयाच्या बाकावर बसली होती.

साडेतीनला ती घरी येते, बाबा सातला. ही मधली वेळ तिची आणि लेकाची, तो पहिलीत होता तेव्हापासूनची. तो बाबांना भेटायला आला नव्हता. तिला भेटायला आला होता, त्यांच्या वेळेला. आणि दाराला कुलूप.

नवरा भिंतीला टेकून खाली बसला. मोठमोठ्या यंत्रांत हात घालणारा माणूस, त्याला आपले दोन हात कुठे ठेवावेत कळेना. "किल्ली," तो एवढंच म्हणाला. "किल्ली कशाला ठेवून गेला रे..."

ती रडली नाही. तिने दाढीवाल्याला सांगितलं, "जा. स्टँडवर जा. टिकून असेल ना अजून तिथलं? शुक्रवार, साडेचारच्या पुढे सांग."

रेकॉर्डिंग मिळालं. पाच वाजून वीस मिनिटांनी खटपट्या बसमध्ये चढताना दिसला. बस लांबच्या मोठ्या शहराची, सोळा तासांचा प्रवास. खिडकीशी बसला होता. बस निघाली तेव्हा तो बाहेर बघत नव्हता. त्या शहरात कॅमेऱ्यांना गणती नव्हती आणि कुणी कुणाच्या ओळखीचं नव्हतं. दाढीवाल्याने पुष्कळ पत्रं लिहिली, बापाने दोन वेळा जाऊन चौक्या पालथ्या घातल्या. पत्ता लागला नाही. लॅपटॉपला आता चारायला काही उरलं नाही. एका सकाळी लिफ्टवाल्यांनी स्वतःच पंख्याची वायर काढली.

अकरा महिन्यांनी फोन आला. दुपारी पावणेचारला, तिच्या फोनवर, अनोळखी नंबरवरून.

"आई."

तिला बसायला खुर्चीही दिसेना. "कुठे आहेस? बरा आहेस ना? जेवतोस ना?"

"बरा आहे. काम लागलंय. अ‍ॅनिमेशनचंच." आवाज मोठ्या माणसासारखा झाला होता, नीट, बेताचा. "काळजी करू नकोस, एवढंच सांगायला केला."

"तू आला होतास," ती म्हणाली. "शुक्रवारी. मला माहीत आहे."

मग तो म्हणाला, "कुलूप होतं. पॅसेजच्या खिडकीतून बघितलं मी. टेबल रिकामं होतं. लॅपटॉप नाही, गादी गुंडाळलेली, सगळं आवरून ठेवलेलं. तीन दिवसांत. म्हटलं, ठीक आहे. बाबांनी सांगितलंच होतं."

"अरे, लॅपटॉप तुझ्या मित्राकडे होता. तुलाच शोधायला दिला होता. आणि आम्ही... आम्हाला रुग्णालयातून बोलावणं आलं होतं. तिथे एक मुलगा होता. तू आहेस का ते बघायला गेलो होतो."

मागे कुठेतरी कुणी मोठ्याने हसल्याचं ऐकू येत होतं, त्याच्या ऑफिसातलं असावं. मग तो म्हणाला, "मला कसं कळणार, आई?"

"नाही रे. तुला कसं कळणार."

ती बोलत राहिली, फोन तुटू नये म्हणून जे सुचेल ते. तो रेझिस्टर मीच जोडला, म्हणाली, तुझ्या चित्रावरून, कारखान्यात बसून. तेव्हा कुठे त्याचा आवाज जरासा सैल झाला. तांबं जाड होतं ना, म्हणाला, मला वाटलंच होतं. खालून गरम केलंस? तापमान कितीवर गेलं? ती सगळं सांगत गेली, बाबांनी खाली लिफ्टचा पंखा बसवला, रोज आकडे लिहून ठेवले तेही. "बाबांनी?" त्याने विचारलं. "हो, बाबांनी." तो किंचित हसला की श्वास सोडला, तिला कळलं नाही.

"ये ना घरी," ती म्हणाली.

"बघतो," तो म्हणाला. मग कुणीतरी हाक मारली म्हणून त्याला जावं लागलं.

नवरा सातला आला. तिने दार उघडता उघडताच सांगितलं. तो चपला न काढता तसाच उभा राहिला.

"काय म्हणाला?"

"बघतो म्हणाला."

"पत्ता?"

"नाही दिला. मी विचारला नाही. भीती वाटली."

पुढच्या आठवड्यात त्याने चार दिवसांची रजा टाकली आणि सोळा तासांचा प्रवास करून पुन्हा त्या शहरात गेला. फोनवर ऐकू आलेल्या हसण्यावरून ऑफिस शोधायला गेल्यासारखंच होतं ते, पण तिने अडवलं नाही. डब्यात चार जास्तीच्या पोळ्या बांधल्या, न जाणो, भेटला तर. तिसऱ्या दिवशी त्याने स्टँडवरूनच मुलाच्या त्या नंबरवर फोन लावला. खटपट्याने उचलला. बाप म्हणाला, "मी आलोय. स्टँडवर आहे." मुलगा म्हणाला, "बाबा, आज नको." रागाने म्हणाला नाही, हे त्याने बायकोला दोन-दोनदा सांगितलं. अगदी हळू म्हणाला. आज नको.

परत आला तेव्हा दाढी वाढलेली होती. पिशवी टेबलावर ठेवून त्याने डबा काढला. उघडलेला नव्हता.

"फार मोठं शहर आहे गं," तो म्हणाला आणि तोंड धुवायला आत गेला. पाणी बराच वेळ वाहत राहिलं.